बेचाळीस मीटरवर

वाकायचं नाही, एवढंच,
दुकानातली तेओफिलाबाई म्हणाली,
बाकी हा सगळ्यात छान.
ना नळी, ना वायर,
ब्रेसियरमध्ये सरकवला की झालं.
हात मोकळे. स्वयंपाक करा, केस विंचरा.

मी म्हटलं, बाई, मी क्रेन चालवते.
ग्दिनियाच्या बंदरात, बेचाळीस मीटरवर.
पायाखाली काच, काचेखाली जहाज,
आणि आठ तास मी माझ्याच गुडघ्यांमधून खाली बघते.
वाकणं हेच माझं काम.

ती गप्प झाली.
मग काउंटरखालून तिनं आणखी दोन काढले.

शिडीला दोनशे अठरा पायऱ्या.
उतरायला सात मिनिटं, चढायला अकरा,
सुटी वीस मिनिटांची.
दोन मिनिटांत कुठलं बाळ, कुठलं यंत्र
भागवून घेतं?
मागच्या आठवड्यात छातीचे दगड झाले होते,
आणि एक निळा कंटेनर हवेत असताना
रेडिओवर खालून ओल्गेर्दनं जांभई दिली,
लांबलचक, शेवटी बारीक होत गेलेली,
थेट तिमेक झोपेआधी देतो तशी.
पान्हा फुटला.
दोन्ही हात दांड्यांवर.
शर्ट भिजला, मग जॅकेट,
तीस टन वाऱ्यावर हलत होतं
आणि मला हलता येत नव्हतं.
कंटेनर आधी ठेवला. कोपऱ्याला कोपरा.
मग रडले.

हे सगळं मी तेओफिलाबाईला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, पाणी आहे का?
तिनं चहाच्या किटलीतलं कोमट आणलं.
भरलं, झाकण लावलं, स्वेटरवर धरलं,
आणि बाळांच्या वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसून
मी बंदर बघितलं.

पहिला सगळ्यात महाग, मोत्याच्या रंगाचा.
दुसऱ्याच वाकण्याला तोंडातून ओघळला,
फरशीवर थारोळं.
दुसऱ्याची पेटी कमरेला, नळी लोंबणारी.
सांडलं नाही, पण नळी दांडीत अडकली तर
बातमी होईल माझी.
तिसरा जाडजूड, जुन्या श्रवणयंत्रासारखा पिवळट.
वीसदा वाकले. कडेशी एक थेंब आला,
थांबला,
आणि परत आत गेला.

आवाज करतो हं, ती म्हणाली,
ऑफिसात लाज वाटते बायकांना.
मी म्हटलं, वर कोण आहे?
मग तिनं पडद्याआड कागदी पट्टीनं माप घेतलं.
एकवीस, म्हणाली,
बोल्टचं सांगावं तसं.
मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी यंत्र घुरघुरत राहिलं.
काही नाही.
आजीची तांबडी गाय परक्या हाताला पान्हा चोरायची,
तिला मी तेव्हा शिव्या दिल्या होत्या,
त्या परत घेतल्या.
दुसऱ्या दिवशी तिमेकचा फोटो काचेला लावला.
फोटोतला तिमेक हसत होता. भुकेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी रेडिओ:
बोग्ना, तुझ्या केबिनमध्ये काय घुरघुरतंय?
मोटर.
ग्रीस पाठवू?
नको. ओल्गेर्द, एक जांभई दे.
काय?
दे म्हणते ना.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस,
चार मुलं, दोन जावई.
त्यानं विचारलं नाही.
आधी खोकला, मग दिली,
लाजत दिलेली, अर्धवट.
अजून एक, म्हटलं.
तेव्हा त्याला खरीच आली.

हात दांड्यांवरच होते.
लाल कंटेनर, कोळशाच्या रंगाचा कंटेनर,
खाली वाकून, वाकून,
आणि छातीशी कोमट काहीतरी भरत होतं
जे माझं होतं आणि नव्हतं.
नव्वद मिलिलिटर.

दुपारी दोरीला बांधून पिशवी सोडली.
वारा होता, गोल गोल फिरत गेली.
खाली त्यानं हातमोजे काढले
आणि दोन्ही तळवे पसरले,
बारा टनांच्या खाली कधी उभा राहिला नाही
तो माणूस, वर बघत.

रेडिओ खरखरला.
उतरलं, तो म्हणाला.
मग थोड्या वेळानं:
फ्रिजमध्ये माझे हेरिंग आहेत,
चालेल ना शेजारी?